रिकामी अमावस्या

आमच्या बेलापूरच्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. माझं सगळ्यात नावडतं काम एकच. दिवसभर उपाशी ठेवलेल्या पेशंटला संध्याकाळी ‘आज नाही जमणार’ म्हणून सांगणं. सर्जन ‘अर्ध्या तासात उरकतो’ म्हणत आणि दोन तास घेत. त्यांच्या शब्दावर मी दिवस बसवायची, नि शेवटचा पेशंट तसाच घरी जायचा. दोनदा तर माझी आईच अशी परत गेली. दिवाळे गावातली मासळी विकणारी बाई, पित्ताशयात खडे, वर साखरेचा त्रास. दुसऱ्यांदा जाताना ती माझ्याशी बोललीसुद्धा नाही.

मग हॉस्पिटलने गणिताचा एक प्रोग्राम आणला. कोणता सर्जन खरोखर किती वेळ घेतो, नंतर खाट कुठे मोकळी आहे, हे सगळं धरून तो असंख्य मांडण्यांतून त्यातल्या त्यात बरी निवडायचा. मला वाटलं, आली आणखी एक डोकेदुखी. पण पहिल्या आठवड्यात संध्याकाळचं ते वाक्य मला एकदाही बोलावं लागलं नाही. मी वेळेवर घरी गेले, तर घरच्यांनाच काळजी वाटली.

आणि अमावस्या आली. प्रोग्रामने दिवस गच्च भरलेला, आणि आदल्या दिवशी फोनवर फोन. कुणाकडे पाहुणे, कुणाला सर्दी. अमावस्येला आपल्याकडे ऑपरेशन कोण करून घेतं? आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण कॉम्प्युटरला ते सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. प्रोग्राम बसवणारा इंजिनिअर कपाळाला हात लावून बसला. यापुढे पेशंटला आधी विचारायचं ठरलं. मोकळ्या झालेल्या दिवसाचं गणित थांबलेल्या पेशंटांना धरून पुन्हा मांडलं. साखरवाल्यांना सकाळी घ्यायचं हे त्यात होतंच, त्यामुळे पहिला नंबर आईचा आला.

फोन करताना मला धाकधूक होती. आम्हा कोळ्यांत अमावस्येचं भय नाही, पण तिच्या उधाणाला जाळी भरून येतात. ऐन विक्रीच्या दिवशी ती खाटेवर पडायला तयार होईल?

ती एवढंच म्हणाली, “पन या टायमाला नेशील ना आत?”

सकाळी ठरल्या वेळी तिला आत नेलं. खडे निघाले, सगळं ठीक झालं. मला इतकं हलकं वाटलं की ज्यांच्याशी मी नेहमी भांडायची त्या सर्जनलाही चहा दिला.

दुपारी गुंगी उतरली तशी ती पुटपुटली, “माज्यामुलं कोन उपाशी तं नाय ना परत गेला?”

“कोन नाय, आये,” मी म्हणाले, आणि ते खरं होतं.