मामाजींचा चार पानी खुलासा

माणसं बांधावरून भांडतात, वाटण्यांवरून भांडतात, गेला बाजार लग्नातल्या मानपानावरून तरी भांडतात. पण एका इंग्रजी शब्दाची बाजू घेऊन साऱ्या जगाशी भांडलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या ताईचा सासरा होता. ताई त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही. सिहोऱ्याच्या शाळेत त्यांनी हयातभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त होताना शाळेनं शाल-नारळ दिला, तो त्यांनी तिथल्या तिथं शिपायाच्या हाती ठेवला आणि बदल्यात शाळेचा जुना, पाठ उसवलेला इंग्रजी कोश मागून घेतला. चांगला तीन-चार किलोचा तो ग्रंथ ओसरीत धानाच्या कोठीवर असे. त्याला हात लावण्याआधी मामाजी पाय धुऊन येत.

तो शब्द होता 'पिटी'. आपली दया. इंग्रजांनी या शब्दावर घोर अन्याय केला, असं मामाजींचं ठाम मत होतं. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ देवाविषयीची, आईबापाविषयीची निष्ठा. फ्रेंचांच्या हातून तो इंग्रजांच्या घरी आला आणि तिथं भावाभावांच्या वाटण्या व्हाव्यात तसं झालं. 'पाएटी' नावाच्या भावानं भक्ती घेतली, 'पिटी'च्या वाट्याला दीनदुबळे आले. तरी बरीच शतकं त्यानं इभ्रत राखली. देवालासुद्धा 'पिटीफुल' म्हणजे दयाळू म्हणत. मग दया करणाऱ्याचं हे विशेषण हळूहळू ज्याची दया यावी त्याला चिकटलं, आणि शेवटी टाकाऊ मालाला. "आता कोनाले पिटी दाखवली का तो मारायले धावते," मामाजी हळहळत. "चांगल्या घरचा शब्द, पाहा कसा वाया गेला!" घरचा पोरगा जुगाराला लागावा तसा त्यांचा चेहरा होई.

हे सारं ऐकल्याशिवाय त्यांच्या ओसरीवरून कोणी उठू शकलं नाही. एकदा ऐन रोवणीच्या दिवसांत शेजारचा शेतकरी धावत आला, "गुरुजी, बैल दिसला का जी?" त्याला मामाजींनी लॅटिनपासून बसवून घेतलं. कथा फ्रान्सला पोचेपर्यंत बैल दुसऱ्याच्या बांधीत शिरून धानाची रोपं फस्त करून मोकळा झाला होता. गावचे अर्जही मामाजीच लिहून देत, पण 'दया करावी' हे शब्द त्यात घालू देत नसत. "हक्क असंन तं माग. नसंन तं कायले आला?" असं म्हणून ते दौतीचं टोपण लावत.

सत्तरीचं दशक सरत असताना ताईचे यजमान गेले. मामाजींचा एकुलता एक मुलगा. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होता, तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सारं आटोपलं. ताईच्या पदरात दोन लहान मुली. त्याच खात्यात तिला नोकरी मिळू शकत होती, मात्र अर्ज मुदतीत नागपूरच्या कचेरीत पोचायला हवा होता. अर्ज इंग्रजीत, तेव्हा लिहिणार अर्थात मामाजी.

अठरा दिवस ते लिहीत होते. कचेरीच्या छापील नमुन्यात नेमका 'पिटी' होता. तो लिहावा तर सून भिकारीण ठरते, गाळावा तर नमुना मोडतो. शेवटी ताईच म्हणाली, "मामाजी, शब्द कोनताबी लिवा, पन मले नोकरी पायजे जी. पोरी लहान आहेत." मग मामाजींनी तोडगा काढला. शब्द लिहिला, आणि तो कोणत्या शतकातल्या अर्थानं वाचावा याचा चार पानी खुलासा सोबत जोडला.

मुदतीला दोन दिवस उरले तरी पोच आली नाही. मी तेव्हा भंडाऱ्यात नोकरीला होतो. रजा टाकून नागपूर गाठलं. कारकुनानं शोधाशोध करून सांगितलं, की सोबतची पानं भाषाविषयक दिसल्यामुळे तो अर्ज हिंदी अधिकाऱ्यांकडे अभिप्रायासाठी गेला आहे, हिंदी अधिकारी महिन्याच्या रजेवर आहेत, आणि त्यांच्या अभिप्रायाशिवाय अर्जाची नोंद होणार नाही. मी रात्रीच सिहोरा गाठलं आणि शेवटच्या दिवशी मामाजींना आणि ताईला घेऊन पुन्हा कचेरीत उभा राहिलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गुरुजी, हा अर्ज आहे की प्रबंध? साधा अर्ज द्या, आत्ता घेतो." मामाजींनी त्याच्याच टेबलावर सहा ओळी लिहिल्या. 'पिटी' लिहिला. खुलासा लिहिला नाही. ताई बाहेर बाकावर बसली होती. मी तिची सही घेऊन आलो, तर मामाजी खुर्चीतून उठून साहेबापुढं हात जोडून उभे होते. "साहेब, पोरीवर दया करा जी," ते म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्या कोणाला जे लिहू दिलं नाही, ते त्यांच्या तोंडून ऐकताना मला कुठं बघावं कळेना. साहेब गडबडून उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं अर्जावर शिक्का मारला.

व्हरांड्यात आल्यावर मामाजी हळूच मला म्हणाले, "बापू, सूनबाईले सांगू नोको."

ताईला नोकरी लागली. पुढं तिनं तुमसरला बदली करून घेतली, मुली शिकल्या, आणि घरी येईल त्याला ती एकच गोष्ट ऐकवू लागली: "आमच्या मामाजीनं चार पानं इंग्रजी लिवली. साहेब वाचून गारच झाला. त्या पानांनं नोकरी लागली." खाटेवर बसलेले मामाजी तेवढ्यापुरते माझ्याकडे बघत आणि पुन्हा कोशात डोकं घालत.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा ताई हीच गोष्ट नातीला सांगत होती. सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "होय ना गा?" मी "होय" म्हटलं आणि उठून अंगणात गेलो.