फळ्यावरचा मावशीचा आकडा

रुग्णालयात प्रत्येक आयाला मावशीच म्हणतात. ही मात्र माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. बावीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात; मीही तिथेच कामाला. जडशीळ रुग्णाला पलंगावरून स्ट्रेचरवर घ्यायचं असलं की चादरीची एक बाजू दोघा वॉर्डबॉयांकडे आणि दुसरी एकट्या मावशीकडे. गुडघे वाकवायची, पाठ ताठ ठेवायची, की झालं काम. वॉर्डातले तिला क्रेन म्हणायचे.

तिच्याबरोबरच्या दोघींच्या पाठी मात्र कामातून गेल्या. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला: आयांना नीट उचलायला शिकवायचं. त्यासाठी पंचेचाळिसाव्या वर्षी ती कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत जाऊ लागली. मालक म्हणाला, "बायकांची तुकडी काढायचीच आहे मला. एकदा संधी देतो. फळ्यावर तुमच्या नावापुढे शंभर किलो लागले, की तुकडी शिकवायला तुमची."

दोन वर्षांनी तिने एकशेदहा उचलले. जमिनीवरून थेट मांड्यांपर्यंत, सगळ्यांसमोर. मी तिथे होते. मालकाने खडूने आकडा लिहिला, आणि लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सगळ्यात जास्त झोंबल्या त्या बुलडोझरला. हे त्याने स्वतःच स्वतःला ठेवलेलं नाव. फळ्यावर पहिला, एकशेसाठ.

"या वयात, बाईमाणूस, एकशेदहा?" तो म्हणाला. "प्लेटा पोकळ असणार."

रोज हाच त्या प्लेटा उचलतो, तोच दांडा, तीच खोली! पण एवढं डोक्यात शिरायला आत थोडी जागा लागते. आठवडाभर कुजबुज चालली. कुणी म्हणालं, मालकाने मदत केली. कुणी म्हणालं, दांडा नीट वर आलाच नाही. वॉर्डातसुद्धा एक डॉक्टर हसत म्हणाले, "मावशी, कापसाचं वजन उचललंत म्हणे!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी बेडपॅन धूत राहिली.

शेवटी बुलडोझरच त्याच्या गोदामातून वजनकाटा घेऊन आला. "होऊन जाऊ दे," म्हणाला. मावशी म्हणाली, "होऊ दे की."

आधी दांडा ठेवला. वीस, बरोबर. मग वीसची प्लेट ठेवली. काट्यावर सतरा.

दुसरी ठेवली. सतरा. पाचची ठेवली, तर साडेचार. मालकाने स्वस्तात आणलेला सगळा माल तसलाच. मावशीने बोटांवर हिशेब केला. "माझे सत्त्याण्णव झाले," ती म्हणाली, आणि बुलडोझरकडे वळली. "तुमचे एकशेचाळीस."

"काटा बिघडलाय," बुलडोझर म्हणाला. स्वतः आणलेला काटा!

मावशीने त्यावर वादच घातला नाही. मालकाला म्हणाली, "अजून तीन किलो चढवा. आत्ता उचलते."

"संधी एकदाच, असं ठरलं होतं," मालक म्हणाला.

"अहो, प्लेटा तुमच्या खोट्या!" मी ओरडले.

"तू गप्प बस गं," तो माझ्यावर खेकसला. "नियम म्हणजे नियम."

मावशीने खडू उचलला. आधी स्वतःचे एकशेदहा पुसून सत्त्याण्णव लिहिले. मग वरपासून एकेकाचा खरा आकडा मांडत खाली आली. कुणी किती प्लेटा लावल्या, हे तिला तोंडपाठ होतं. अकरा पुरुष तिथे उभे होते. रोज आरशासमोर दंड फुगवणारे. त्यांतला एकही म्हणाला नाही, की बाई बरोबर बोलतेय. मला आजही त्या अकरांचा राग येतो, मालकापेक्षा जास्त.

बायकांची तुकडी बुलडोझरला मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्याने तुकडीत आलेल्या आमच्या दोन आयांना पाठ वाकवून वजन उचलायला लावलं; त्यातली एक अजून कंबरेला पट्टा बांधून कामावर येते. मावशीने ते ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. मी तिला इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. स्वतःचा आकडा गेला तेव्हाही नाही.

काट्याच्या त्या दिवशी माझी चप्पल तिथेच राहिली होती, ती आणायला मी दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत गेले होते. मालकाने फळा ओल्या फडक्याने पुसून जुने आकडे पुन्हा लिहिले होते. एकशेसाठ, दीडशे, एकशेचाळीस, सगळे जागच्या जागी. फक्त मावशीचे सत्त्याण्णव त्याने तसेच ठेवले होते.