बंधारा आमच्या वाळूपाशी थांबला

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या श्रावणातल्या उधाणात माझ्या वहिनीचं घर समुद्रात गेलं. लोक म्हणतात समुद्राने नेलं. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. त्यात माझा हात होता.

माझी शाळा तिसरीपर्यंत. सही येते, पेपरातली मोठी अक्षरं वाचता येतात, तशीच सावकाश लिहिताही येतात. बाकी जे शिकलो ते रापणीवर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. तीस-चाळीस माणसं लागतात. आमच्यात रीत अशी, की दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. म्हातारा असो, विधवा असो, वाटेने जाणारा असो. जोर कमी लावला म्हणून कुणाचा वाटा कमी होत नाही.

मोठा भाऊ वारला, त्याचं बारावं झालं आणि तेराव्या दिवशी वहिनी येऊन दोरीला उभी राहिली. रापणीचा पुढारी मी होतो. तिची मासळीची पाटी मी सगळ्यांच्या आधी भरली. पुढची तीस वर्षं ती त्याच वाट्यावर जगली, कुणापुढे हात पसरला नाही. लग्न होऊन ती आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, म्हणून ती मला अजून अरे-तुरेच करते.

आमची वाडी मालवणच्या खाली, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा वाळूच्या पट्टीवर. लहानपणी मी घरातून पळत सुटलो की पाण्याला पाय लागेपर्यंत आईच्या तीन हाका व्हायच्या. माझे मुलगे पळायचे तेव्हा एकच हाक व्हायची. शेवटी शेवटी वहिनीच्या ओटीवर बसलं की तोंडावर शिंतोडे येत. दोन रांगा माड गेले, सुरूची झाडं गेली.

घर जायच्या चार वर्षं आधी सरकारचे साहेब आले. काळ्या दगडांचा बंधारा घालायचा होता, वरच्या हॉटेलपासून आमच्या वाडीच्या पार खालच्या टोकापर्यंत. रापणीच्या मांगरात, जिथे जाळी ठेवतो तिथे, बैठक बसली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उभा राहिलो.

"आमका दगड नको. दगडार उभे ऱ्हवन रापण वढूक येता? जाळा फाटतला. होडी खंय चढयतलंव?"

वहिनी मागून बोलली, "अरे, घर ऱ्हवला तर रापण. घर गेला तर दोरी काय आभाळाक बांधतलंस?"

"वयनी, समुद्र आपलो. तो आपल्याक खावचो नाय."

"समुद्र कोणाचो सगो नाय. तुझ्यासारखोच तो, कोणाचा आयकाचो नाय."

लोक हसले. मी नाही हसलो. चारचौघांत बाईमाणसाने बोललेलं मला लागलं, हेही इथे सांगून टाकतो. साहेब म्हणाले, "तुमची हरकत असेल तर बंधारा अलीकडेच थांबवतो. मग मागाहून तक्रार नको." मी म्हटलं, "नाय करूचंय." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.

मी काही वेड्यासारखं बोललो नव्हतो. वाळू गेली की रापण गेली, आणि रापण गेली की ज्याच्याकडे होडी नाही, इंजिन नाही, त्याच्या पाटीत काय पडणार? यांत्रिक बोटीवाले दोरीला हात लावला म्हणून कुणाला वाटा देत नाहीत.

बंधारा झाला आणि आमच्या वाळूपाशी थांबला. एकदा मी हॉटेलासमोरून चाललो होतो. बघतो तर बंधाऱ्याच्या मधोमध रुंद पायऱ्या, बाजूला होडी चढवायला सिमेंटचा उतार. पाहुण्यांना फिरवायच्या त्यांच्या बोटी तिथून अलगद वर येत होत्या. मी हॉटेलातल्या गड्याला विचारलं, ह्या कुणी दिल्या? तो म्हणाला, "मालकान मागितल्यान."

मी तिथेच वाळूत बसलो. मागायच्या असतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, सरकार देतं ते घ्यायचं, नाहीतर नाही म्हणायचं. मी नाही म्हणायला शिकलेला माणूस. मालक मुंबईचा, त्याला साहेबाशी कसं बोलायचं ते ठाऊक. त्याला घर पाहिजे की वाळू असं कुणी विचारलं नाही. त्याला दोन्ही मिळालं.

पुढच्या पावसापासून समुद्र हॉटेलाच्या दगडावर आपटून वळायचा आणि दगड संपतो तिथे, म्हणजे आमच्या अंगात, दात रोवायचा. एक मुलगी यंत्र घेऊन वाळू मोजायला आली. चांगली होती, वहिनीकडे पेज जेवली. तिने सांगितलं, जगभर धूर फार झाला, त्याने समुद्र तापलाय, फुगलाय, वादळं वाढलीत. मी म्हटलं, "बाय, आमची रापण तेलार चलना नाय, पेजेर चलता. आमी खंयचो धूर केलो?" ती यंत्र आवरायला लागली. मग मला वाईट वाटलं. तिने तरी कुठला केला होता?

शेवटी वाडीने दगडासाठी अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. पण वहीत हरकत माझ्या नावाची, त्यामुळे माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. मी तो घरी नेला आणि देवाच्या तसबिरीमागे खोचला. दोन पावसाळे तो तिथे होता. वहिनी वाटेत दिसली की विचारायची, "सही केलंस?" मी म्हणायचो, "बघतंय." बघायचं काय होतं? सही केली असती तर वाडीभर झालं असतं, की म्हातारा चुकला होता.

श्रावणातल्या त्या दिवशी दुपारचं उधाण होतं. वहिनी चुलीपुढे होती. आधी ओटी गेली, मग समुद्राकडची भिंत बसली. वाडी धावली. भांडी, देव, पेटी, भावाचा फोटो बाहेर आला. छप्पर कलंडलं तेव्हा मी मांगरातून रापणीची दोरी आणवली. आढं, म्हणजे छपराचं मधलं लाकूड, फणसाचं होतं, भावाने स्वतः चढवलेलं. ते तरी वाचवू म्हणून दोरी बांधली आणि सगळे लागलो ओढायला. बघतो तर माझ्या पुढे वहिनी, पदर खोचून, दोरीला. आढं आलं. घर गेलं.

ओल्या वाळूत पडलेल्या आढ्याकडे बघत वहिनी मला म्हणाली, "माझोव हात लागलो दोरीक. माझो वाटो खंय रे?"

कुणी हसलं नाही. तीच हसली, आणि हसता हसता खाली बसली. 'मी चुकलो' म्हणायला दोनच शब्द लागतात, तेही मी म्हटले नाहीत.

मी तिला माझ्या घरी आणलं. दिवेलागणीला ती तिचे देव माझ्या देवांशेजारी मांडत होती. तसबीर पुसायला उचलली आणि मागचा कागद खाली पडला. तिने तो उघडला. वाचता येत नाही तिला, पण कुठला ते तिला कळलं. पदराने धूळ पुसली, घडी घातली आणि होता तिथे परत ठेवला. मला म्हणाली, "जेवक चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून कागद काढला आणि ओटीवर बसून सही केली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. "तुझी सही म्हणजे रापणच," ती म्हणाली, "वढता वढता अर्धो दिस जाता." सहीच्या खाली जागा उरली होती. तिथे मी मोठ्या अक्षरांत आणखी लिहिलं: दगड घाला, पण दोरी ओढायला आणि होडी चढवायला वाट ठेवा. आमची वाट कुठे आहे ते येऊन आम्हाला विचारा. मग धुतलेला सदरा घातला, कागद साहेबाला द्यायला खिशात ठेवला आणि वहिनीला सोबत घेऊन मालवणला जाणाऱ्या पहिल्या एसटीत चढलो.