शेवटचं कडवं

साहेबांनी दंडाला धरून मला मांडवाबाहेर ओढलं तेव्हा माझं कडवं अर्ध्यावर होतं. लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, "कामवाली आहे. डोक्यावर परिणाम झालाय."

गाणं माझ्या बापाचं होतं.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. साहेब खिदिरपूरच्या गोदीत अधिकारी. बदली झाली तेव्हा भांडी घासायला मला गावाहून कलकत्त्याला आणलं. चौथीतून काढून. बाप तेव्हा मेलेला. तो डफावर गायचा, गाणी स्वतः रचायचा. लिहिता येत नव्हतं, म्हणून शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचा. आमच्याकडे सगळे शाहीर असंच करतात. गाणं कुणाचं, ते तिथं कळतं.

मी भांडी घासताना गुणगुणायचे. साहेबांच्या बाईंनी ऐकलं. मला उंबऱ्याबाहेर बसवलं, त्या आत पेटी घेऊन बसल्या. बापाचं नदीचं गाणं सगळं शिकून घेतलं. शेवटाला आलो.

धोंडू म्हणे, नदीबाई, जात तुला नाही गं,
आमच्या घागरीला मग काठ का नाही गं.

बाईंनी पेटी थांबवली. "हे नको. नदीचं वर्णन गोड आहे, तेवढंच घेऊ."

"त्याच्याबिगर गाणं बापाचं राहत नाही, बाई."

"मग नसू दे की. गणपतीपुढे तुझ्या बापाचं नाव घेऊ होय मी?"

गावात नदीच्या वरच्या पाण्याला आम्हाला हात लावू देत नव्हते, त्यावर रचलेलं गाणं ते. कडवं काढलं की नुसती नदी उरायची.

गणपतीच्या मांडवात बाई गायल्या. टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या एका बंगाली बाईंनी विचारलं, "गाना किसका है?"

बाई हसल्या. "किसी का नहीं. गाँव का है."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि कडवं म्हणायला लागले.

उरलेलं बाहेर रस्त्यावर म्हटलं. समोरून ट्राम गेली. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटी काढली. काही झालंच नव्हतं जणू. "बस. दुसरं सांग एखादं."

"न्हाई सांगत."

थोबाडीत बसली. "कुठे जाशील इथे? भाषा तरी येते का?"

येत नव्हती. तरी सांगितलं नाही. दोन दिवस जेवण बंद केलं, तरी नाही. शेवटी गावाला पाठवून दिलं.

ते गाणं आता लग्नांत वाजतं. पारंपरिक म्हणतात. बाईंच्या सुनेनेही म्हटलंय, शेवट कापूनच. जिथं ऐकते तिथं मी उठून शेवटचं कडवं म्हणते. घरची पोरं लाजतात. लाजू देत. नातीला आधी ते कडवं शिकवलं, मग बाकीचं गाणं.

धोंडू शाहीर माझा बाप. त्या घरात भांडी मी घासत होते.