दूधकट्ट्यावरचा कौल

त्या वर्षी मी अंबाबाईशी अक्षरशः भांडत होते. दर शुक्रवारी देवळात जायचे ती हात जोडायला नव्हे, जाब विचारायला. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझ्या यजमानांच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलं होतं. बाहेरचं रक्त भरलं की थोडे दिवस बरे, मग पुन्हा पांढरेफटक. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त हाडांतल्या मज्जेत बनतं आणि यांची मज्जाच सुकत चालली आहे. सख्ख्या भावाची जुळली तर ती यांना देता येईल, नाहीतर फार काळ निभणार नाही. आता वर्तमानपत्रांत मूळपेशी, स्टेम सेल असे शब्द येतात. तेव्हा हा उपचार आपल्याकडे इतका नवा होता की डॉक्टरसुद्धा जपून बोलत. तपासणी झाली आणि धाकट्या भावजींची मज्जा जुळली. मी तिथंच देवीचे आभार मानून मोकळी झाले. जरा घाईच केली.

कारण भावजी पैलवान. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढलेले, आणि तालमीच्या हिशेबी मज्जा म्हणजे पैलवानाचा जीव. दूध, तूप, बदाम सगळं शेवटी तिथं जाऊन मुरतं म्हणे. भावजी मान खाली घालून घरी आले. "वैनी, रगात किती बी काढा. पर हाडातलं न्हाय. वस्ताद म्हणत्यात, मज्जा गेली की पैलवान संपला." मी समजावलं, कमरेच्या हाडातून सुईनं थोडीच काढतात, काही आठवड्यांत पुन्हा भरते, डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय. "डॉक्टर कवा लंगोट लावून आखाड्यात उतरलाय व्हय?" झालं!

घरात सल्ल्यांचा नुसता सुकाळ होता. कुणी जोतिबाला नवस बोलायला सांगे, कुणी अंगारा आणून देई, शेजारच्या काकू रोज बीट किसून पाठवत. बीट बघितलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. आणि ज्यांच्यासाठी हा जीव टांगणीला लागला होता ते अंथरुणातून म्हणत, "नको म्हणतोय तर सोड त्याला. पोराची कुस्ती मोडायला नको." यांचा स्वभाव संताचा, त्याचा ताप मला. देवीला मी स्पष्टच विचारलं, "औषध दाखवलंस, मग ते या हट्टी पैलवानाच्या हाडात कशाला ठेवलंस?"

तशीच तणतणत देवळातून निघाले आणि भावजींना गाठायला दूधकट्ट्यावर गेले. तालमीतून ते तिथंच यायचे, गवळी गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळत, ती ताजी धार पेल्यात घेऊन उभ्यानं प्यायचे. मी पुन्हा विषय काढला, त्यांनी पुन्हा मान हलवली. मला रडूच कोसळलं. शेजारी एक बाई म्हशीखाली बसून धार काढत होती. तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपल्या नवऱ्यावर खेकसत होती. "अवं, कासंत दूध तसंच ठिवलासा व्हय काल? काढलं तर पुन्यांदा भरतंय. न्हाय काढलं तर म्हस आटंल की!"

भावजींचा पेला ओठापाशीच थांबला. त्यांनी म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वैनी, हाडातलं बी असंच भरतंय म्हनायचं?" इतके दिवस मी दुसरं काय सांगत होते! पण संताप गिळून एवढंच म्हणाले, "भरतंय, भावजी." त्यांनी दूध संपवलं, मिशी पुसली. "मग दादाला म्हनावं, बॅग भरा. वस्तादास्नी मी बघतो."

मुंबईत भावजींची मज्जा काढली. दिसायला रक्तासारखीच. ती यांच्या हाडात नाही, दंडाच्या शिरेत सोडली. मी घाबरून विचारलं, ही हाडापर्यंत पोचणार कशी? डॉक्टर म्हणाले, "ती आपली जागा आपण शोधते, बाई. आता वाट बघायची." वाट बघणं मला कधी जमलं होतं? पण जंतू लागू नयेत म्हणून वेगळं ठेवलेल्या यांना काचेपलीकडं निपचित पडलेलं बघताना देवीला सांगण्यासारखं, सुनावण्यासारखं काही उरलंच नाही. नुसते हात जोडले. कितीतरी दिवसांनी एका सकाळी डॉक्टर हसत आले. यांच्या अंगात नव्यानं रक्त तयार होऊ लागलं होतं.

कोल्हापुरात परतल्यावर भावजी पुन्हा आखाड्यात उतरले. मी खण-नारळ घेऊन दूधकट्ट्यावर गेले, त्या बाईची ओटी भरली आणि म्हणाले, तुमच्या एका शब्दानं माझं कुंकू राहिलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी? मी कवा काय बोलले? बाई, तुमी कोन?" नवऱ्यावर खेकसणं तिचं रोजचंच, त्यातलं कुठलं आठवणार? मी समजावून सांगू लागले, हात हलवून हलवून, नेहमीसारखी. म्हैस बिचकली.

"बरं बरं, देवीची किरपा," ती म्हणाली. "आता जरा बाजूला सरका. मदी उभारलं की ती पान्हा सोडत न्हाय."

मी मुकाट्यानं बाजूला सरकले. पेल्यात धार वाजू लागली.