थोरलीच्या पहिल्या नंबरचं कौतुक

आमच्या कवळीबाईंना लोक गरीब गाय म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसते, मला विचारा. बाई ओरडत नाहीत, भांडत नाहीत, दार आपटत नाहीत. त्या डूख धरतात. आणि समोरच्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आम्ही दातांच्या लॅबमध्ये कामाला आहोत. डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचा साचा येतो, मी त्यात प्लास्टर ओतते, आणि बाई मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवत जातात. सगळे दात सरळ ओळीत लावले तर कवळी खोटी दिसते, म्हणून एखादा दात त्या मुद्दाम किंचित तिरका बसवतात. खोट्याला खऱ्यासारखं दिसायला लावणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, पण तो टेबलापुरता. घरातलं खोटं त्यांना अजिबात खपत नाही.

बाईंचं लग्न राहूनच गेलं. ठरत आलं होतं, तेवढ्यात वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आईचे गुडघे आधीपासूनच कामातून गेलेले. थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या भरल्या घरात. मग सकाळी वडिलांचं अंग पुसा, कूस बदला, भरवा, की लॅब. जेवणाच्या सुट्टीत धावत घरी, की पुन्हा लॅब. त्यांच्या अर्धवट राहिलेल्या कवळ्या मी कितीदा घासून पॉलिश करून दिल्यात.

थोरली काय करायची? फोन करायची. रोज संध्याकाळी. "बाबा कसे आहेत गं? सांग ना सगळं." आणि ही वेडी सांगायची. पाणी हवं असलं की बाबा डाव्या हातातल्या अंगठीनं पलंगाच्या दांडीवर टकटक करतात. मी कामाला निघाले की माझी बाही मुठीत घट्ट धरून ठेवतात. मी मूठ सोडवते आणि म्हणते, "बाबा, दात खोळंबलेत माझे," की वाकड्या तोंडानं हसतात. एवढं बोललं की बाईंना हलकं वाटायचं. वडील गेले आणि फोनही आटले. आईचं करणं मात्र बाईंच्या मागे राहिलंच.

लिहिण्याच्या गटात बाईंना मी ओढलं, आणि थोरलीला बाईंनी. आमचा गट ऑनलाइन आहे, माणसं कुठकुठली. दर आठवड्याला एक विषय मिळतो, ज्यानं त्यानं आपापल्या ब्लॉगवर लेख लिहायचा, गटात लिंक टाकायची, आणि परीक्षक पहिला नंबर काढतात. मग सत्कार. फुलांच्या चौकटीत विजेत्याचा फोटो, आणि खाली रांग लागते. 'अप्रतिम.' 'डोळे पाणावले.' 'शब्दच नाहीत,' असं म्हणून पुढे पानभर शब्द.

पण आमच्याकडे एक पद्धत आहे, ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मागच्या आठवड्याच्या विजेत्यानंच नव्या विजेत्याचं कौतुक लिहायचं. पूर्वी हरलेले रुसून बसायचे, म्हणून गटप्रमुखांनी ही युक्ती काढली. ते कौतुक आठवडाभर सगळ्यात वर राहतं. त्यातला शब्दही कुणी काढत नाही, आणि विजेत्यानं त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं असतं.

तर बाई पहिल्यांदाच जिंकल्या होत्या, हाताखालून गेलेल्या सगळ्यात हट्टी जबड्यावर लिहून. आम्ही लॅबमध्ये केक कापला. पुढचा विषय होता 'माझं माणूस'. निकाल लागला तेव्हा बाई मेण तापवत होत्या आणि फोन माझ्या हातात होता. पहिला नंबर थोरलीचा.

लेखाचं नाव 'बाबांची मूठ'. रोज सकाळी मी बाबांचं अंग पुसायचे, असं पहिलंच वाक्य. टकटक होती. बाही होती. वाकडं हसू होतं. 'बाबा, ऑफिस खोळंबलंय माझं,' असंही होतं, आणि थोरलीनं जन्मात ऑफिसचा उंबरा ओलांडलेला नाही. धाकटी बहीण मात्र औषधालासुद्धा नव्हती. शेवटी लिहिलं होतं, 'आई अजून आहे. तिची अशीच सेवा करायचं भाग्य मिळालं, तर मी स्वर्गही नको म्हणेन.' खाली लोक रडून रडून बेजार. कुणी म्हणे, अशी लेक शोधून सापडणार नाही.

माझंच रक्त उकळलं. "बाई, सगळ्यांसमोर झिंज्या उपटा हिच्या. मी लिहू का?"

"तू कशाला?" बाई म्हणाल्या. "कौतुक लिहायची पाळी माझी आहे."

त्या घरी गेल्या आणि तो लेख त्यांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. संपल्यावर म्हातारी एवढंच म्हणाली, "माझी बॅग काढ."

बाईंचं कौतुक मला अजून पाठ आहे. 'ताईचं मनापासून अभिनंदन. ज्यांचे डोळे पाणावले त्यांच्यासाठी आनंदाची बातमी. ताईनं लेखाच्या शेवटी लिहिलेली इच्छा पूर्ण होते आहे. आमची आई उद्यापासून कायमची ताईकडे राहायला जाते आहे. तिला उठवावं, बसवावं, न्हाऊ घालावं लागतं, पण ताईला या सगळ्याची सवय आहे, हे तुम्ही वाचलंच. अशी लेक सगळ्यांना मिळो.'

गटात नुसता धुमाकूळ. फुलं, हार, टाळ्या. एका काकांनी आईचा फोटो टाकायची फर्माईश केली. थोरलीनं बाईंना फोनवर फोन केले, बाईंनी एकही उचलला नाही. शेवटी सगळ्यांसमोर उत्तर देणं भाग होतं. तिनं लिहिलं, 'माझं भाग्य,' आणि पुढे हात जोडले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी माझ्या हातून प्लास्टर सांडलं.

दुसऱ्या दिवशी बाई आईला टॅक्सीनं सोडून आल्या. बॅग, वॉकर, औषधं, उशीसुद्धा. "दारातच उभी होती," त्या म्हणाल्या. "चेहरा बघायला हवा होतास तू." आणि हसल्या. त्या आठवड्यात त्या जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर बसून जेवल्या, शेवटच्या घासापर्यंत.

मग थोरलीचा फोन आला. बाईंचे हात मेणानं भरलेले, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितला.

"आई रात्री चारदा उठवते," थोरली म्हणाली. आवाज पार बसला होता. "माझी कंबर गेलीय. घरातली सगळी वैतागलीत. सूड उगवायची ही काय रीत झाली? आईला घेऊन जा."

"नेते की."

"कधी?"

"त्या लेखाखाली एक ओळ लिही. बाबांचं सगळं धाकटीनं केलं. एवढीच. ती आली की अर्ध्या तासात मी तुझ्या दारात."

"अगं, लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मग आई राहू दे तिथंच."

फोनमध्ये थोरलीचा श्वास ऐकू येत होता. मागून म्हातारी कुणाला तरी हाका मारत होती. मी मनात म्हणत होते, आता लिहिते, आता शरण येते. बाईंच्या हातातलं मेण गार होऊन कडक झालं, तरी त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

"राहू दे," थोरली म्हणाली. "मी करीन आईचं. पण ते लिहिणार नाही." आणि फोन ठेवला.

बाईंनी कडक झालेलं मेण टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "एक ओळ गं. एक ओळ लिहिण्यापेक्षा तिला जन्मभराचं करणं सोपं वाटलं." आणि ढसाढसा रडल्या. वडील गेले तेव्हाही त्या लॅबमध्ये रडल्या नव्हत्या.

थोरलीनं शब्द पाळला, हे मला कबूल करायला जड जातं. तिनं केलं. रात्री उठली, न्हाऊ घातलं, भरवलं. मला वाटलं होतं, महिनाभरात म्हातारीच बोंब ठोकेल. पण बाई भेटायला गेल्या, तेव्हा मीही बरोबर होते. आई खिडकीशी बसलेली, केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं पातळ. बाईंनी विचारलं, "आई, येतेस घरी?"

आईनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. थोरली आत काहीतरी कुटत होती. "आता राहू दे," म्हातारी हळूच म्हणाली. "बरं करते गं ती. हात तुझ्यापेक्षा हलका आहे तिचा."

येताना बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या. मीच थोरलीला, म्हातारीला, गटाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. मग बाईंनी फोन काढला, 'बाबांची मूठ' उघडला, आणि शेकडो अभिनंदनांच्या खाली आपलं एक लिहिलं.

'अभिनंदन ताई. आता खरं झालं.'

आम्ही उतरायच्या आत त्याखाली एका बाईंनी लिहिलं, 'बहीण असावी तर अशी!' त्यावर आणखी फुलं पडली. थोरलीनं मात्र तो लेख त्याच संध्याकाळी काढून टाकला.