शेंडा गावाकडे

ट्रॉलीत सगळ्यात शेवटी मी चढले. तुमच्यापैकी जे त्या दिवशी तिथं होते त्यांना आठवत असेल, ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता आणि आपल्या अख्ख्या गावाचा संसार रस्त्यावर येऊन पडला होता. कोणी दारं चौकटीसकट काढून आणलेली, कोणाच्या कोंबड्या टोपलीखाली. मारोतीला चार बाप्यांनी नव्या चादरीत गुंडाळून आमच्याच ट्रॉलीत ठेवलं होतं आणि माझे सासरे, पायानं अधू झालेले, देवाला एका हातानं धरून खाटेवर बसले होते. धरणाचं पाणी तोवर मोहाच्या झाडांपर्यंत आलं होतं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं येत राहायचं. सकाळी पाहिलेला दगड दुपारी दिसायचा नाही.

माझ्या हातात पळसाची एक डहाळी होती.

गावच्या लोकांना सांगायची गरज नाही, पण त्यांची पोरंसोरं हे वाचतील म्हणून सांगते. माझे घरधनी, आमच्या प्रकाशचे वडील, चैत्रात मोहफुलं वेचायला गेले आणि वाघानं त्यांना नेलं. प्रकाश तेव्हा दोन वर्षांचा. ते जिथं सापडले त्या वळणावर पाल्याची रास झाली. आपल्या झाडीतली रीतच आहे ती, वाघानं माणूस मारला त्या जागेवरून येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकतो. मेलेला ओळखीचा असो नाहीतर परका. उन्हाळ्यात रास वाळायची, पावसाळ्यात पुन्हा हिरवी व्हायची. मी शेतावर जाता-येता टाकायचे. पहिली काही वर्षं रडत, नंतर नंतर घरच्या गोष्टी सांगत. गाय व्याली, प्रकाशला ताप आहे, असं काहीबाही.

म्हणून त्या दिवशी सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, सारे देव नेऊन राहिलो, मंग ह्यायच्या पाल्याचं काय?"

ते मारोतीकडे बघत म्हणाले, "ज्याचा जीव जिथं गेला, तिथंच त्याचा पाला. तो उचलून नेता येत नाई, बाई."

"मंग धावत जाऊन एक डहाळी तरी ठेवून येतो."

तर ट्रॅक्टरवाला म्हणतो, "कमरेइतकं पाणी हाये वाटेवर. मले दुसरी खेप माराची हाये, बसा लवकर."

बसले. नवी वस्ती दिली होती त्या कोंढ्याकडे वळलो तेव्हा मूठ उघडून पाहिली, पानांचा चुरा झाला होता. आजवर कोणाला सांगितलं नाही ते आज लिहिते. घर सोडल्याचं दुःख सगळ्यांना होतं. माझं वेगळं होतं. माणूस तिथं वाट बघत होता आणि मी न सांगता निघून आले.

नवीन वस्तीत सगळं सरळ. सरळ गल्ल्या, सरळ नाल्या, एकासारखं एक घर. पहिल्या वर्षी मी दोनदा दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि ती बाई चहा ठेवूनही मोकळी झाली, तिलाही वाटलं मी तिच्याकडेच आले. गावात घरं वाकडी होती पण चुकत नव्हती. मग सासरे गेले. तुम्ही कोणी नागपूरला, कोणी पुण्याला गेलात. प्रकाशचं लग्न झालं. सून सुषमा लाखनीची, हायवेवरच्या गावात वाढलेली, बोलायला चटपटीत. माझी शुगर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. वस्तीत चालायचं तर कुत्री मागं लागतात. मग सुषमानंच रविवारचा बेत काढला. सकाळी ऑटोनं पवनीला जायचं, पाण्याच्या काठानं झाडीतून रमतगमत किल्ल्याच्या परकोटापर्यंत चालायचं, तिथं गवतावर बसून डब्यातले पोहे खायचे आणि परत.

वाट सोपी आहे. चढ नाही, काटे नाहीत, माझ्यासारखी गुडघेदुखीची बाईही चपलेवर जाऊन येते. एका बाजूला झाडं, एका बाजूला पाणी. पिहू, माझी नात, पुढं पळते, सुषमा फोटो काढते, प्रकाश डबा धरतो. आम्हा बायांना पायी चालणं म्हणजे डोक्यावर भारा नाहीतर कडेवर पोर, हे माहीत. मोकळ्या हातानं चालायचं म्हणजे मला लाजल्यासारखंच व्हायचं. म्हणून मी उगाच पिशवी घ्यायचे.

पण त्या वाटेवर एक वळण आहे, तिथं गेलं की पाखरं बोलत नाहीत. सुषमालाही जाणवलं होतं. परकोटाची भिंत तिथून पहिल्यांदा दिसते, काळी, फटीफटीत पिंपळ उगवलेली. माकडं भिंतीवर ओळीनं बसतात आणि आपल्याकडे बघत नाहीत. पाण्याकडे बघतात. पाणी असं की हवा सुटली तरी हलत नाही.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी त्याच वळणावर मला रास दिसली.

गुडघ्याइतकी. खाली वाळलेल्या काड्या, वर हिरवा पाला. मी थांबले ते थांबलेच.

"काय झालं, आई?" सुषमा म्हणाली. "सरपण असन कोनाचं."

सरपण नव्हतं. सरपणाची मोळी बांधतात. इथं एकेक डहाळी ठेवलेली होती, आणि कशी ठेवलेली, ते ऐका. दुसऱ्या गावचे लोक पाला नुसता फेकतात. फक्त आपल्या गावची रीत होती, दांडा जंगलाकडे, शेंडा गावाकडे. मेलेल्याला घरची वाट दिसावी म्हणून. त्या राशीतल्या सगळ्या डहाळ्यांचे शेंडे एकाच बाजूला होते. पाण्याकडे. तिकडेच, जिथं खाली आपलं गाव आहे.

वरची डहाळी मोहाची होती. प्रकाशनं अर्धा तास झाडी पालथी घातली. त्या वाटेवर मोहाचं झाड नाही.

परकोटापाशी चहाची टपरी आहे. तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, इथं कोणाला वाघानं मारलं का? तो हसला. "वाघ कुठचा, बाई? माकडं हायेत फक्त. तुमाले भेव लागते का माकडायचं?" पाला कोण ठेवतं विचारलं तर म्हणाला, कोणालाच ठेवताना पाहिलं नाही, पण रास वाढून राहिली हे खरं.

मग मी तुम्हा सगळ्यांना फोन केले, आठवतं ना? पुण्याला, नागपूरला, दिघोरीला दिलेल्या लेकींनासुद्धा. पवनीला जाता का, तिथं पाला ठेवता का? सगळ्यांनी नाही म्हटलं. एकीनं तर विचारलं, "काहून वो काकू, तब्येत बरी हाये ना?"

पुढच्या रविवारी वरची डहाळी ताजी. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी जवळ जायचे, वाकायचे, पण ठेवायचा धीर होत नव्हता. ठेवली तर ते इथं आले आहेत हे मी कबूल केलं असं झालं असतं. नाही ठेवली तर दुसऱ्यांदा पाठ फिरवल्यासारखं. पिहू एकदा राशीपाशी उकिडवी बसून म्हणाली, "आजी, इथं थंड लागते." हात लावून पाहिला. लागत होतं. वर ऊन होतं, बघा.

प्रकाशनं तिला उचललं आणि तडक ऑटोत नेऊन बसवलं. घरी आल्यावर म्हणाला, "माय, आपण तिकडं जानं बंद करू."

"कायले?"

"मले ते पसंत नाई."

"तुले भेव लागते?"

तो चाळिशी ओलांडलेला माणूस. खाली बघून म्हणाला, "मले त्यायचं तोंडही आठवत नाई, माय. तुले ते दिसले तं तू वळखशीन. मी कसा वळखू?"

एवढ्या वर्षांत त्यानं बापाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी समजत होते की त्याला काही वाटतच नाही.

त्यानंतरच्या रविवारी मीच हट्ट धरला. वळणाच्या थोडं अलीकडे पळसाची डहाळी तोडली. सुषमा पिहूला घेऊन मागं थांबली. प्रकाश माझ्या पाठीशी. खाली वाकले तेव्हा पाण्याच्या बाजूनं वास आला, ओल्या मातीचा नाही, मोहफुलं सडायला लागली की येतो तसा. मोहाचे दिवसच नव्हते ते.

मी शेंडा पाण्याकडे नाही ठेवला. आडवी ठेवली डहाळी, बाकी सगळ्या पाल्यावर आडवी, शेंडा कोंढ्याच्या रस्त्याकडे. आणि मोठ्यानं बोलले, सून ऐकते तर ऐको.

"अवो, तिकडं आता कोनी नाई. तुमी उगाच त्या पान्यात शोधून राहिले. आमी सारे इकडं आलो. सांगायले पायजे होतं, मी सांगतलं नाई, माह्यं चुकलं. आता नीट आयका. कोंढ्याच्या रस्त्यानं या. वस्ती लागली का पान्याची टाकी दिसन, तिथून तिसरी गल्ली, निळं फाटक. साऱ्या घरायची तोंडं सारखी हायेत, पन फाटक निळं आपलंच हाये. दारात म्हातारी बसली असन, ते मीच. केस पांढरे झाले म्हनून परत जाऊ नोका."

मागं प्रकाशचा श्वास ऐकू येत होता. तो झाडीत गेला, एक डहाळी घेऊन आला.

"कोन्या तोंडानं ठेवू, माय?"

"माह्यावानी ठेव."

त्यानं ठेवली. हात लगेच काढला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा माझा पळस सुकला होता, त्याचीही डहाळी सुकली होती. दोन्हींच्या वर एक ताजी मोहाची होती. तिचा शेंडा कोंढ्याकडे होता.

आम्ही चौघंही बघत उभे राहिलो. त्या दिवशी परकोटापर्यंत न जाता मागं फिरलो, पोहे घरी येऊन खाल्ले. जेवताना प्रकाश उठला, आतली खाट ओढत आणली आणि फाटकाशी, माझ्या बसायच्या जागेशेजारी टाकली. सुषमानं न विचारता तिच्यावर गोधडी घातली.

ती डहाळी तुमच्यापैकी कोणी ठेवली असेल तर मला कळवू नका.